पाठ टेकलेली भिंत

रंगाऱ्याची बायको वारली त्याला साडेतीन महिने झाले होते. तिची एक खूण एका भिंतीवर राहिली होती आणि ती आपणच आपल्या रोलरने पुसून टाकली, हे त्याला एका मंगळवारी सकाळी कळलं.

मुलगी कामावर जाता जाता आली होती. बसली नाही. पर्समधून एका प्रदर्शनाचं जाड कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं आणि बाबांनी चष्मा लावेपर्यंत उभी राहिली. कार्डावर फोटो होता. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस भिंतीकडे तोंड करून रंग देत होता. माणसाला स्वतःची पाठ ओळखू येत नाही. रंगाऱ्याने आधी शिडी ओळखली, कारण तिची तिसरी पायरी तारेने बांधलेली होती. मग लक्षात आलं की टक्कलही आपलंच. भिंतीचा डावा अर्धा भाग पांढरा झाला होता. उजव्या अर्ध्या भागावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. बसलेल्या बाईच्या अंगाभोवतीने ओढाव्यात तशा, एकीच्या आत एक.

"ही आई आहे," मुलगी म्हणाली.

त्याला काही उमजेना. मग तिने एका दमात सांगून टाकलं. दर गुरुवारी दवाखान्यातून परतताना आई मागच्या गल्लीतल्या त्या गॅलरीत जायची. तिथे एक चित्रकार बाई होती. ती आईला स्टुलावर बसवायची, पाठ भिंतीला टेकवायला सांगायची आणि अंगाभोवतीने पेन्सिल फिरवायची. अकरा गुरुवार. आई वाळत गेली तशी दर गुरुवारची रेघ आधीच्या रेघेच्या आत आली.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"मीच न्यायचे तिला."

"आणि मी रंग दिला तेव्हाही माहीत होतं."

मुलगी म्हणाली की ती सांगणारच होती, पण बाबा ऐकून घेत नव्हते. रंगारी म्हणाला, ज्याला सांगायचं असतं तो सांगतो, ज्याला लपवायचं असतं त्याला कारणं सापडतात. मग त्याने दाराकडे बोट केलं. मुलगी गेली. कार्ड टेबलावरच राहिलं.

तो दिवसभर त्या भिंतीच्या रंगकामाच्या मागे लागला, म्हणजे मनातल्या मनात. तेरावा संपून तीन आठवडे झाले असतील, तेव्हा गॅलरीच्या मालकाचा फोन आला होता. एक खोली आहे, चार भिंती, पांढरा रंग. घरात बसून डोकं भणभणायचं, म्हणून त्याने काम घेतलं. गॅलरी म्हणजे त्याच्या लेखी घराची, कपडे वाळत घालायची. ही मात्र पूर्वी टायरचं दुकान होती. मालकाचा बाप तिथे टायर विकायचा; मुलाने टायर काढून रिकामी खोली ठेवली आणि रिकामी खोली बघायला लोक येतात, याचं रंगाऱ्याला हसू आलं होतं. कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा उभा होता. कशाला, असं विचारल्यावर मालक म्हणाला, कामाची नोंद ठेवतो. नोंद ठेवा नाहीतर लोणचं घाला, माझ्या पायात येऊ देऊ नका, असं सांगून हा कामाला लागला.

आणि काम त्याने नेहमीसारखंच केलं होतं. तेच आता त्याला खुपत होतं. दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर त्याने रेघांवरून सरळ रोलर फिरवला असता, आणि पेन्सिल अशी की वर्षभरात पांढऱ्यातून पुन्हा डोकं वर काढते. पण याने रेघा आधी घासून काढल्या होत्या. पेन्सिल कडक होती, भिंतीचा गिलावा मऊ, त्यामुळे रेघांच्या जागी बारीक चरे पडले होते. ते चरे त्याने पट्टीने पुट्टी ओढून बुजवले. त्यावर प्रायमर. त्यावर पांढऱ्याचे दोन हात. चाळीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की मी रंग दिलेल्या भिंतीखाली काय होतं, ते तुमच्या बापालाही कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो गॅलरीवर गेला, तर कुलूप. गुरुवार ते रविवारच उघडी, अशी पाटी. कार्डाच्या मागच्या बाजूला त्या भागाचा छोटा नकाशा होता आणि त्यावर असल्याच आणखी गॅलऱ्यांचे लाल ठिपके. मुलगी जाता जाता बोलली होती की आईने त्या सगळ्या पाहिल्या. रंगाऱ्याने ठरवलं, आपणही बघू. आजारी बाईला स्टुलावर बसवून आणखी कोणी कोणी काय काय उद्योग केलेत, ते तरी कळेल.

पहिली गॅलरी एका गॅरेजमध्ये निघाली. जमिनीवर फुटक्या फरशांचा ढीग आणि भोवती दोरी. त्याने तिथल्या माणसाला विचारलं की काम कधी सुरू होणार. माणूस म्हणाला, हेच काम. रंगारी म्हणाला, मग आमच्या गल्लीत महापालिकेने फार मोठं प्रदर्शन मांडलंय, सहा महिन्यांपासून आहे, बघून या. माणूस हसला नाही.

दुसरी एका वाचनालयाच्या तळघरात होती. एकच कॅनव्हास, कडेपर्यंत पांढरा, बाकी काही नाही. रंगारी त्याच्यापुढे पाच मिनिटं उभा राहिला. तिरका होऊन पाहिलं. खालच्या बाजूला रंग ओघळून सुकला होता आणि डाव्या कडेला ब्रशचा केस अडकला होता. असं काम त्याच्या हाताखालच्या माणसाने केलं असतं, तर त्याने पहिल्याच दिवशी त्याला घरी पाठवलं असतं.

तिसरी शिंपीकामाच्या दुकानावरची खोली. आत काहीच नव्हतं; एका डब्यातून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. त्याला दवाखान्यातली शेवटची रात्र आठवली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे बसलेल्या बाईला त्याने विचारलं की याचे तुम्हाला पगार मिळतात का. बाई पिकल्या केसांची होती, चिडली नाही. म्हणाली, बऱ्याच लोकांना हे आवडत नाही. मग त्याचे रंगाचे डाग पडलेले बूट बघून ती जरा थांबली आणि तिने विचारलं की तुमची बायको इथे यायची का, मुलीबरोबर, डोक्याला रुमाल बांधून.

"तुम्हाला काय करायचंय," रंगारी म्हणाला.

बाई म्हणाली, त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की कोपऱ्यातली ही ओल आतून नाही, बाहेरच्या पन्हळीमुळे आहे. आतून कितीही रंग द्या, पैसे पाण्यात. आम्ही पन्हळ बदलली. ओल गेली. रंगाऱ्याने कोपऱ्यात पाहिलं. खरंच गेली होती. जेवताना तो रोज असल्याच गोष्टींवर बडबडायचा आणि बायको भाजी वाढत हूं हूं करायची. ती ऐकत असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. ती आवाजाबद्दल काय म्हणाली, हे त्याला विचारायचं होतं. न विचारता तो जिना उतरला. तिच्याविषयी परक्या बाईकडून माहिती घ्यायची वेळ यावी, याचाच त्याला संताप आला.

गुरुवारी तो गॅलरीत गेला तेव्हा आत सात-आठ माणसं होती. खिडक्यांना काळे पडदे. त्याच भिंतीवर फिल्म चालू होती. भिंतीएवढा मोठा रंगारी भिंतीला घासकागद मारत होता. खरा रंगारी दारात उभा राहून बघत राहिला. फिल्ममधला आधी बाईचे खांदे घासायला लागला. मग मान. मग खाली वाकून मांड्या. मध्येच तो थांबला, कमरेवर हात ठेवून मागे झाला आणि त्याचा आवाज खोलीभर घुमला, "कुणाच्या कार्ट्याने घाण करून ठेवलीय ही."

दोघं-तिघं हसले. एक बाई डोळे पुसत होती.

रंगाऱ्याने भिंतीवरचा बोर्ड चाचपला आणि सगळे दिवे लावले. फिल्म फिकी पडली. मालक धावत आला. रंगारी त्याला म्हणाला की ते यंत्र बंद कर, नाहीतर मी बंद करतो आणि माझ्या पद्धतीने करतो. लोक पांगले, म्हणजे बाहेर जाऊन काचेतून बघत उभे राहिले. तेवढ्यात मागच्या खोलीतून चित्रकार बाई आली. पस्तिशीची असेल, किरकोळ बांधा, बोटांना शिसं लागलेलं. "काका, बसा ना," असं म्हणाली.

"काका म्हणू नका. तुमचं-माझं नातं नाही."

ती बसली नाही, वादही घातला नाही. आत जाऊन एक कागद घेऊन आली. कागदावर बायकोचं अक्षर होतं, शेवटी शेवटी व्हायचं तसं, ओळीवरून घसरणारं. लिहिलं होतं की हे काम झालं की भिंतीला रंग द्यायचा आहे, हे मला सांगितलेलं आहे आणि मान्य आहे. रंग माझ्या नवऱ्याकडूनच द्यावा. तो कोपरे सोडत नाही. त्याला सगळं माझी मुलगी समजावून सांगेल. तो नाही म्हणाला तर जबरदस्ती करू नये. खाली सही.

त्याने कागद दोनदा वाचला. नाही म्हणायची मुभा तिने ठेवली होती. ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. मुलीला आत्ताच्या आत्ता फोन लावून जाब विचारावा, असं त्याच्या मनात आलं, आणि हात खिशाकडे जाता जाता त्याला मागचं दिसलं. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मुलगी म्हणाली होती, "बाबा, आईचं एक सांगायचंय." तो उठून बाथरूममध्ये गेला होता. पुढच्या रविवारी तिने पुन्हा काढलं, तेव्हा त्याने रेडिओ मोठा केला होता. तिसऱ्यांदा तर त्याने स्पष्टच सांगितलं होतं की या घरात तिच्या गोष्टी नकोत, ज्याला रडायचंय त्याने आपापल्या घरी रडावं. आपलेच दात आपलेच ओठ. पण म्हणून मुलगी सुटत नव्हती. तिने दारावर चिठ्ठी लावायची होती. शिडीला लटकायचं होतं.

मग त्याने चित्रकार बाईला विचारलं, "मला काही माहीत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही ते कार्ट्याचं बोललात तेव्हा."

"म्हणजे घासायला नुकती सुरुवात केली होती."

"हो."

"मग थांबवलं का नाही?"

बाईने मालकाकडे पाहिलं. मालक जमिनीकडे बघायला लागला. ती म्हणाली, "कॅमेरा चालू होता. ते फार चांगलं होत होतं."

रंगारी आयुष्यात फार थोड्या वेळा मारामारीवर आला होता. त्या दिवशी तो आला असता. पण समोर उभी बाई त्याच्या मुलीच्या वयाची होती आणि खरं बोलली होती. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. तो गाडीकडे गेला आणि बादली, पट्टी, घासकागद आणि शिडी घेऊन परत आला.

मालक आडवा आला. प्रदर्शन चालू आहे, अजून दीड आठवडा बाकी आहे, पोलिसांना बोलवावं लागेल, असं सगळं म्हणून झालं. रंगारी त्याला म्हणाला, "बोलवा. बिघडलेलं काम मी स्वतः उतरवून देतो. चाळीस वर्षं हीच रीत आहे माझी. हे काम बिघडलंय."

चित्रकार बाई म्हणाली की तिच्याकडे सगळ्या अकरा गुरुवारांचे फोटो आहेत, मोठे करून देते.

"फोटो माझ्या घरीही आहेत. या भिंतीला तिची पाठ टेकली होती."

मालकाने पोलिसांना बोलावलं नाही. त्याने दाराला कुलूप लावलं, पुढच्या प्रदर्शनाचा माणूस महिन्याच्या वीस तारखेला सामान घेऊन येणार आहे, त्याच्या आदल्या संध्याकाळी भिंत पांढरी दिसली पाहिजे, एवढं सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. म्हणजे हातात बारा दिवस होते. रंगाऱ्याने आभार मानले नाहीत.

पहिली चूक त्याने पहिल्याच तासात केली. रागात होता, म्हणून घाई केली. गरम पाण्याचा स्पंज मारला की रंग फुगतो आणि पट्टीने सालासारखा निघतो. जुन्या घरांत तो तसंच करायचा. इथे रंग निघाला, पण खालचा मऊ गिलावाही पाणी प्यायला आणि तळहाताएवढा तुकडा लगद्यासारखा पट्टीवर आला. मागून चित्रकार बाई हळू म्हणाली, "तिथे पहिल्या तीन गुरुवारांचं डावं कोपर होतं."

त्याने लगदा वर्तमानपत्रावर ठेवला. त्यात काहीच दिसत नव्हतं. लगदा तो लगदाच. त्याने बादली बाहेर नेऊन ओतली.

त्यानंतर सगळं कोरडं. बारीक घासकागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि हाताचं वजन न टाकता गोल फिरवायचा. पांढरा जातो, मग प्रायमर जातो, मग गिलावा दिसायच्या बेताला थांबायचं. एक हात जास्त फिरला तर चराही जातो. चऱ्यात भरलेली पुट्टी गिलाव्यापेक्षा किंचित पांढरी, पण ती समोरून दिसत नाही. दिवा भिंतीला लागून, अगदी आडवा धरावा लागतो. शिडीच्या खालच्या पायरीवर बसून एका हाताने भिंत चाचपत काम करणाऱ्या माणसाला ठोकळा आणि दिवा दोन्ही जमत नाहीत. पहिल्या दिवशी दिवा दातात धरून झाला. दुसऱ्या दिवशी बाईने न विचारता दिवा घेतला. त्याने तिला घेऊ दिला, कारण कुठली रेघ कुठून जात होती, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. कामापुरतं बोलणं व्हायचं. वर. अजून वर. थांबा, इथे कान होता. हा सातव्या गुरुवारचा. त्या दिवशी त्यांना उलटी झाली होती, म्हणून रेघ हलली आहे.

कधी कधी बाई कामापलीकडचंही बोलायची. बायको पहिल्यांदा आली ती पाणी प्यायला, आणि बसायला स्टूल दिसलं म्हणून बसली. दवाखान्यात सगळे तिला आत काय चाललंय ते विचारायचे. इथे कोणी काही विचारत नाही, फक्त कडेकडेने फिरतात, म्हणून तिला बरं वाटायचं. रंगारी म्हणाला, एवढं बरं वाटत होतं तर मला सांगितलं असतं. बाई म्हणाली की तिनेही हेच विचारलं होतं.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तो येईल आणि भिंत ओळंब्यात नाही म्हणून भांडत बसेल."

भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नव्हतीच. पहिल्याच दिवशी त्याने मालकाला ते सुनावलं होतं. रंगाऱ्याच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि लगेच त्याला स्वतःचाच राग आला. हे वाक्य त्याच्या वाट्याचं होतं. ते या बाईने साडेतीन महिने आपल्याजवळ ठेवलं होतं आणि फिल्ममध्ये मात्र त्याचं कार्ट्याचं वाक्य घातलं होतं. त्याने तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, फिल्म काढून टाकते. तो म्हणाला, काढू नका, राहू द्या, तुम्ही काय केलंत ते लोकांना दिसू दे. आणि मी काय केलं तेही. मग म्हणाला, दिवा सरळ धरा.

काचेबाहेर रोज कोणी ना कोणी उभं असायचं. लोकांना वाटायचं, हाही प्रदर्शनाचाच भाग आहे. एकाने फोन वर धरून फोटो काढला, तेव्हा रंगाऱ्याने आतून काचेला वर्तमानपत्रं चिकटवली.

पाचव्या दिवशी मुलगी आली. कागदाच्या फटीतून तिने आत पाहिलं आणि काचेवर टकटक केली. चित्रकार बाई दार उघडायला वळली. रंगारी शिडीवरून म्हणाला की दिवा हलवू नका. बाई म्हणाली, मुलगी आहे तुमची. तो म्हणाला, मला दिसतंय. टकटक आणखी दोनदा झाली. मग थांबली. तो घासत राहिला आणि त्या दुपारी त्याने नवव्या गुरुवारच्या मानेची दोन बोटं रेघ जास्त घासून घालवली. चित्रकार बाईने ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही. हे तिने केलेलं त्याला पटलेलं पहिलं काम होतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत डावा खांदा मोकळा झाला. तिथे अकराही रेघा सापडल्या. बाहेरच्या रेघेपासून आतल्या रेघेपर्यंत त्याने पंजा टेकवून पाहिलं, तर चार बोटं अंतर निघालं. साडेतीन महिन्यांपूर्वी तो या खांद्याला रोज उशी लावून द्यायचा आणि त्याला ती चार बोटं दिसली नव्हती. तो शिडीवरून उतरला, भिंतीकडे पाठ करून जमिनीवर बसला, पण पाठ टेकवली नाही. चित्रकार बाई दिवा विझवून बाहेर गेली. तिला थांबायचं होतं, हे त्याला कळलं होतं, पण त्याने थांबा म्हटलं नाही.

एकोणीस तारखेला सकाळी मालक भिंत बघायला आला. बराच वेळ बघून म्हणाला की पुढच्या माणसाला तो आणखी एक आठवडा थांबवू शकतो, त्याहून जास्त नाही. रंगारी म्हणाला, बघू, आणि ठोकळ्याला नवा कागद गुंडाळला.

डावी बाजू कमरेपर्यंत झाली आहे. डावं कोपर गेलं आहे, ते परत येणार नाही. शेवटच्या गुरुवारच्या रेघेचं डोकं आणि उजवा हात अजून पांढऱ्याखाली आहेत. मुलीला फोन करायचा राहिला आहे.